कोंडाजी, खाट नंबर चौदा

“हे बाळ आमचं न्हवं, अक्का,” असं हनुमंतरावांनी मला तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, आणि आत बाळाचे डोळे हळद लावल्यासारखे पिवळे दिसत होते.

माझ्या हातात कन्सेंट फॉर्म होता. कन्सेंट फॉर्म म्हणजे संमतीपत्रक. ‘मी, या बाळाचा बाप, आई किंवा पालक, पुढील उपचारास परवानगी देतो’ अशी त्यावर इंग्रजीत छापील ओळ होती. खाली सहीची जागा, त्याखाली साक्षीदाराची. एरवी ही दोन मिनिटांची कामं. त्या दिवशी मी वीस मिनिटं वॉर्डाच्या व्हरांड्यात पेन घेऊन उभी होते आणि बाप हात मागे बांधून उभा होता.

साठ सालाच्या सुमाराची ही गोष्ट. बेंगळूरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी बाळंतिणींच्या वॉर्डाची स्टाफ नर्स होते. मी मूळची निपाणीची. कन्नड येत होतं म्हणून नोकरी मिळाली, आणि मराठी येत होतं म्हणून मराठी पेशंट आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवायचे. हनुमंतराव बेंगळूरजवळच्या होसकोट्याचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच, घरात बोलणं मराठी, त्यात निम्मं कन्नड. ते एका कारखान्यात फिटर होते. शिकलेला, पेपर वाचणारा माणूस. त्यांची बायको तुळजाबाई आदल्या दिवशी पहाटे बाळंत झाली होती. मुलगा झाला. संध्याकाळपर्यंत तो पिवळा पडायला लागला.

बाळं पिवळी पडतातच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि आपोआप बरीही होतात. पहिल्याच दिवशी पिवळं पडलेलं बाळ म्हणजे वेगळं प्रकरण. आमच्या मुलांच्या डॉक्टरांनी रात्रीच आई, बाप आणि बाळ तिघांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. सकाळी रिपोर्ट आला. आई आर-एच निगेटिव्ह, बाप पॉझिटिव्ह, बाळ बापावर गेलेलं. आर-एच हा रक्तातला एक घटक. आईच्या रक्तात तो नसला आणि बाळाच्या रक्तात असला, तर आईचं रक्त त्या बाळाला परकं समजून त्याच्या रक्तपेशी मारायला लागतं. पहिलं मूल बहुधा सुटतं, पुढची सापडतात. पिवळेपणा मेंदूत चढला की बाळ दूध ओढायचं सोडतं, पाठीची कमान करतं आणि जातं.

यावर तेव्हा एकच उपाय होता, एक्स्चेंज ट्रान्सफ्यूजन. बाळाच्या बेंबीतून थोडं रक्त काढायचं, तेवढंच नवं घालायचं. असं करत करत जवळजवळ सगळं रक्त बदलायचं. निगेटिव्ह रक्त आपल्याकडे फार कमी लोकांचं असतं. डॉक्टरांच्या यादीत एक अँग्लो-इंडियन इंजिनड्रायव्हर होता. तो सकाळी आठलाच सायकलवरून येऊन रक्त देऊन, चहा पिऊन गेला होता. बाटली तयार होती. डॉक्टर हात धुवायच्या तयारीत होते. अडलं होतं ते बापाच्या सहीपाशी.

“तुमचं नाही तर कुणाचं आहे?” मी विचारलं.

“मुनियम्माचं,” हनुमंतराव खाली बघत म्हणाले.

मुनियम्मा म्हणजे आमच्या वॉर्डाची आया. झाडलोट करायची, बेडपॅन न्यायची, बाळंतिणींना अंघोळ घालायची. पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नसलेली बाई.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तुळजाबाईंची थोरली मुलगी तेवढी जगली होती. तिच्या पाठची तिन्ही बाळं आठवड्याच्या आत गेली होती. तिन्ही पिवळी पडून. तेव्हा ह्या खेपेला त्यांनी जुना उपाय केला. बाळ जन्मल्याबरोबर सुपात घालून मुनियम्माच्या हातात दिलं. मूल तिचं झालं. बाराव्या दिवशी सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत घ्यायचं. तोवर घरातल्या कुणीही त्याला ‘माझं’ म्हणायचं नाही. आईनं पाजायचं, पण परक्याचं पोर म्हणून. म्हणजे ज्याला न्यायचं आहे त्याला वाटावं, ह्यांच्या घरात ह्या खेपेला काही जन्मलंच नाही.

असल्या चालीरीती मी निपाणीकडेही पाहिल्या होत्या. ट्रेनिंगला असताना त्यावर हसलेही होते. त्या दिवशी हसू आलं नाही, संताप आला.

“हनुमंतराव, तुम्ही मशीनवर काम करणारे. तुम्हाला हे पटतं?”

“न्हाई पटत. पन अक्का, मी तिला शब्द दिलाय. बाप म्हणून ह्यावर सही केली, आन् पोर गेलं, तर ती जन्मभर म्हणेल, औषधानं न्हाई, सहीनं मारलं.”

“आणि सही नाही केली तर दुपारपर्यंत जाईल.”

“मला कळतंय. स्वल्प थांबा. मी तिला इचारतो.”

“विचारायला वेळ नाही!” मी ओरडले. “तुमचं पोर आहे ते! तुमचंच! कोण येऊन नेतंय बघू या!”

मी तशी तोंडाची फाटकी. वॉर्डात शिस्त राहायची ती त्यामुळेच, असं मी तेव्हा समजायची. व्हरांड्याचं दार उघडं होतं आणि तुळजाबाईंची चौदा नंबरची खाट दाराशेजारीच होती. तुळजाबाईंनी सगळं ऐकलं. मी वळून बघते तर ती बाई खाटेवरून उतरली होती. बाळंत होऊन जेमतेम सव्वा दिवस झाला होता. बाळाला लुगड्याच्या पदरात गुंडाळून ती दाराकडे निघाली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घराला आग लागल्यावर माणूस जसं जे हाती लागेल ते उचलून निघतं तशी ती निघाली होती.

“कुठं निघालीस?”

“घरला. तुमी मोठ्यानं म्हटलात, अक्का. आता हितं ऱ्हाऊन काय?”

माझ्या नोकरीत माझ्या हातून बऱ्याच चुका झाल्या, पण इतकी स्वच्छ चूक दुसरी आठवत नाही. ती बाई गेली असती तर बाळ होसकोट्याच्या बसमध्येच गेलं असतं, आणि ते माझ्या जिभेनं गेलं असतं.

तिला अडवलं मुनियम्मानं. हातातली केरसुणी टाकून ती दारात आडवी उभी राहिली आणि कन्नडात माझ्यावरच ओरडली, “सिस्टरम्मा, माझ्या मुलावर कोण हक्क सांगतंय? सूप मी धरलं. पोरगं माझं आहे.” मग तुळजाबाईंपुढे दोन्ही हात केले. “दे इकडे. माझ्या मुलाला कुठं घेऊन चाललीस तू?”

तुळजाबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि बाळ तिच्या हातात दिलं. मग खाटेवर बसली. मुनियम्मा मला म्हणाली, “कुठं अंगठा लावू सांगा.”

मी फॉर्म घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते मैसूरकडचे, बारीक चणीचे, फार कमी बोलणारे. सगळं ऐकून घेतलं.

“सर, मुनियम्मा ह्या बाळाची कुणी नाही. हा अंगठा खोटा होईल.”

“फॉर्मवर पालक हा शब्द आहे ना?”

“आहे, सर.”

“आईबापांनी स्वतःच्या हातानं तिला बाळ दिलंय. ती सांभाळायला तयार आहे. सध्या ह्या वॉर्डात दुसरं कुणी पालक दिसत नाही मला. अंगठा घ्या. विटनेस म्हणून तुम्ही सही करा.”

“उद्या विचारलं तर?”

“उद्या बाळ असलं तर सांगू,” ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

मुनियम्मानं अंगठा लावला. मी साक्षीदाराची सही केली. नर्सिंगचं रजिस्ट्रेशन हीच माझी इस्टेट होती. घरी दोन भाऊ शिकत होते. खोट्या कागदाला साक्षीदार राहिल्याबद्दल ते गेलं असतं तर निपाणीला परत जाऊन विड्या वळायच्या, एवढंच उरलं असतं.

बाळाला प्रोसिजर रूममध्ये न्यायला उचललं आणि मनगटाकडे पाहिलं. पट्टी नव्हती.

ही पट्टी म्हणजे काय ते सांगायला हवं. हॉस्पिटलात बाळाला नाव नसतं. आमच्यात नाव बाराव्या दिवशी, कुणाच्यात आणखी उशिरा. म्हणून जन्मल्याबरोबर मनगटाला प्लास्टरची पट्टी लावून तिच्यावर शाईनं ‘अमकीचं बाळ’ असं लिहायचं. वॉर्डात वीसेक बाळं, सगळी एका तोंडाची. ती पट्टी गेली की बाळ कुणाचं हे देवही सांगू शकत नाही. रक्त द्यायचं असेल तर पट्टीवरचं, तपासाच्या ट्यूबवरचं आणि बाटलीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. न जुळणारं रक्त गेलं तर आजारापेक्षा तेच आधी मारतं. बिनपट्टीचं बाळ हे आम्हा नर्सांचं सगळ्यात वाईट स्वप्न.

“पट्टी कुठाय?” मी विचारलं. ह्या वेळी हळू आवाजात.

तुळजाबाईंनी उशीखालून चुरगळलेली पट्टी काढून दिली. “त्याच्यावर माझं नाव हुतं.”

मी पुन्हा डॉक्टरांकडे. मला वाटलं आता ते चिडतील. ते म्हणाले, “मुनियम्माचं बाळ असं लिहू नका. सगळे रिपोर्ट दुसऱ्या नावावर आहेत, घोटाळा होईल. बाळाला त्याचं स्वतःचं नाव द्या. नवी ट्यूब, नवं सॅम्पल, नवी लेबलं. पंधरा मिनिटं देतो.”

मी खाटेजवळ जाऊन बसले. “तुळजाबाई, तुझं नाव लिहीत नाही. त्याचं लिहिते. काय नाव ठेवणार आहेस?”

“कोंडाजी.”

हे नाव मला नवं नव्हतं. धान्य कांडल्यावर उरतो तो कोंडा, म्हशीपुढे टाकायचा. कोंड्याच्या मोलानं आणलेलं मूल म्हणून कोंडाजी. जुन्या घरांतून असे कोंडाजी, धोंडाजी, केरोजी पुष्कळ सापडतात. कुणाचं तरी आधीचं गेलेलं असतं म्हणून ते असतात.

खरं तर मी मुकाट्यानं लिहायला हवं होतं. पण शिकलेल्या माणसाला राहवत नाही. “अगं, नाव तरी चांगलं ठेव,” मी म्हटलं. “जन्मभर त्याला ते वागवायचं. शाळेत पोरं हसतील.”

“हसू दे की. हसायला तरी शाळेत गेला पायजे न्हवं?”

तीच पुढे बोलली. आवाज सपाट होता, बाजारभाव सांगावा तसा.

“पयली दोन बिननावाचीच गेली, अक्का. नाव ठेवायच्या आदीच. म्हणून तिसऱ्याला मामंजींनी पयल्या दिवशी नाव ठेवलं. भटजींना इचारून, अर्थ बघून. चिरंजीव. म्हंजे मरत न्हाई तो. सगळी त्याला नावानं हाका मारायची. पाचव्या दिवशी गेला.” मग ती म्हणाली, “अर्थ मला कळतोय. मी कन्नड चौथी शिकल्ये.”

मी पट्टीवर लिहिलं, ‘कोंडाजी, खाट १४’. ट्यूबवर तेच, बाटलीवर तेच. डॉक्टरांनी तिन्ही नावं स्वतः वाचली. अनोळखी नाव म्हणून सहज विचारलं, अर्थ काय. मी सांगितलं. ते म्हणाले, “असू दे. अर्थाशी मला काम नाही, सिस्टर. आज ह्या हॉस्पिटलात ह्या नावाचं दुसरं बाळ नसलं म्हणजे झालं.”

नव्हतं.

साडेदहाला सुरू केलं. बेंबीतून बारीक नळी आत गेली. डॉक्टर सिरिंजनं दहा सीसी काढायचे, दहा सीसी घालायचे. माझं काम मोजायचं आणि मोठ्यानं बोलायचं. दहा आऊट, दहा इन. वीस आऊट, वीस इन. एक आकडा चुकला तर बाळात रक्त कमी तरी पडणार किंवा जास्त तरी होणार. मुनियम्मा भिंतीशी हात जोडून उभी होती. पालक म्हणून डॉक्टरांनीच तिला उभं केलं होतं. मधे एकदा बाळाचं हृदय मंद झालं. डॉक्टर थांबले. मीही थांबले. मग स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून त्यांनी मान हलवली आणि मी राहिलेला आकडा बोलले. दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा करावं लागलं, तेव्हा इंजिनड्रायव्हरचा मेहुणा आला होता.

पाचवा दिवस मी विसरणार नाही. पाचवा दिवस आहे हे सगळ्यांना माहीत होतं. हनुमंतराव कामावर न जाता व्हरांड्यात बसून होते. तुळजाबाई दर दहा मिनिटांनी बाळाच्या नाकाशी बोट धरून बघत होती. संध्याकाळी बाळानं दूध ओढलं आणि इतक्या जोरात रडलं की तेरा नंबरवालीनं तक्रार केली. त्या तक्रारीइतका आनंद मला कुठल्याही सर्टिफिकेटनं झालेला नाही.

सहाव्या दिवशी मेट्रननं बोलावलं. मेट्रन म्हणजे नर्सांची मुख्य. टेबलावर आमचा फॉर्म होता.

“आई तुळजाबाई, आणि संमती आपल्या आयाची? हे काय आहे, सिस्टर?”

मी सगळं सांगितलं, माझ्या ओरडण्यासकट. त्यांनी ऐकलं आणि लेखी खुलासा मागितला. डॉक्टरांनी त्यावर दोन ओळी लिहिल्या, म्हणून नोकरी राहिली. माझ्या फाइलीत मात्र वॉर्निंग आली. ती रिटायर होईपर्यंत तिथेच होती. चुकीची होती असं मी म्हणणार नाही.

बाराव्या दिवशी डिस्चार्ज. तुळजाबाईंचे भाऊ हेब्बाळच्या तळ्याकाठी राहायचे, त्यांच्या घरी म्हशी. तिथून कोंडा आला होता. व्हरांड्यात हनुमंतरावांनी सूप पुढे केलं. मुनियम्मानं कोंडा ओच्यात घेतला, बाळाच्या कपाळाचा मुका घेतला आणि म्हणाली, “सरी, बरं. घ्या तुमचं.” एवढं बोलून ती बादली उचलून गेली. त्या दिवशी तिनं सगळा वॉर्ड दोनदा पुसला.

मग शेवटचा कागद राहिला, जन्माचा रिपोर्ट. तो आम्ही भरून म्युनिसिपालिटीला पाठवायचो. त्यात नावाचा रकाना असे, बहुतेक वेळा रिकामाच जाई. मी पेन काढलं तसे हनुमंतराव जवळ आले आणि हळूच म्हणाले, “अक्का, आता धोका टळला न्हवं? डॉक्टर म्हंत्यात टळला. मग कागदावर चांगलं नाव घालू या. घरात कोंडाजी म्हणू दे. शाळेत, नोकरीत... माझ्या वडलांची लई इच्छा हाय. चिरंजीवच घालू काय?”

मला ते पटलं. खरंच सांगते, मनातून बरं वाटलं. बाळ जगलं होतं, आता तो अर्थ त्याला शोभला असता. मी ‘चि’ लिहायला पेन टेकवलं.

“न्हाई,” तुळजाबाई म्हणाली. ती बाळाला घेऊन आमच्या मागेच उभी होती. बारा दिवसांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आता तिचे डोळे भरले होते. “ते नाव त्याचं हाय. पाच दिस का हुईना, त्या नावानं त्याला हाक मारलीया. त्याच्याजवळ दुसरं हाय काय? गेला म्हणून नाव पन काढून घ्यायचं?”

हनुमंतरावांनी तिच्याकडून बाळ घेतलं आणि व्हरांड्याच्या टोकाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

मी रकान्यात ‘कोंडाजी’ लिहिलं. बापाच्या जागी हनुमंतरावांची सही घेतली. त्यांनी एकदाही न थांबता केली.

त्यानंतर पंचवीस वर्षं मी बाळांचे रिपोर्ट भरले. पुढे पुढे आईबाप पुस्तकं बघून, अर्थ काढून नावं आणायला लागले, आणि मलाही विचारायचे, सिस्टर, कसं वाटतं? मी म्हणायची, छान आहे. नावाच्या अर्थावरून मी पुन्हा कुणाला काही सुचवलं नाही. स्पेलिंग मात्र दोनदा विचारायची, आणि आईचं नाव पट्टीशी ताडून बघायची.